भेसळ डोस

टोमॅटोची रोपं लावण्याआधी बेडमध्ये जे खत भरतात, त्याला कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत 'बेसल डोस' म्हणतात. आमच्या जुन्नर तालुक्यात 'भेसळ डोस' म्हणतात. मी पुण्यात राहून शहाणा झालेला असल्यामुळे पूर्वी थोरल्या भावाला दुरुस्त करायचो. "दादा, बेसल. म्हणजे पायाचा."

"पाया तुमच्या बिल्डिंगला," दादा म्हणायचा. "आमच्याकडं भेसळच."

गेल्या हंगामात बेड भरताना मी शेतावर होतो. फुटलेल्या गोण्या मोजल्या. तेव्हापासून दुरुस्त करणं बंद केलं आहे.

एकरी हिशोब असा. डीएपीच्या दोन गोण्या. दहा सव्वीस सव्वीसची एक. दाणेदार सुपरच्या तीन. पोटॅश एक. निंबोळी पेंड. मायक्रोची दहा किलोची पिशवी. सिलिकॉन, कारण शेजारच्या अण्णांनी टाकलं. आणि एक बादली. बादलीवर डरकाळी फोडणारा वाघ, आत काळे दाणे. हे काय, असं विचारल्यावर दादा म्हणाला, "शेठनं दिलंय." वाघ कशासाठी, ते खताच्या दुकानवाल्या शेठलाही माहीत नसावं.

बांधावर बसून मी मोबाइलवर नुसतं स्फुरद मोजलं. डीएपीत ४६ टक्के, म्हणजे दोन गोण्यांत ४६ किलो. दहा सव्वीस सव्वीसच्या गोणीत १३. सुपरमध्ये १६ टक्के, दीडशे किलोत २४. बेरीज ८३. आता संकरित टोमॅटोला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, १५० किलो पालाश. म्हणजे एकरी स्फुरद ६० किलो. रोप अजून ट्रेमध्ये उभं होतं, आणि त्याच्या ताटात जन्मभराचं जेवण वाढून वर २३ किलो जास्तीचं. पुढं ड्रीपमधून बारा एकसष्ट जाणार होतं, मग झिरो बावन्न चौतीस जाणार होतं. ती दोन्हीही स्फुरदाचीच.

"एवढं कशाला रे?"

"कमी पडायला नको."

हे लग्नाच्या आचाऱ्याचं तत्त्व. पण लग्नात उरलेली बुंदी दुसऱ्या दिवशी गावात वाटता येते. जमिनीत उरलेलं स्फुरद कुणाला वाटणार? ते चुनखडीला मिठी मारून बसतं आणि जाता-येता जस्ताची, लोहाची वाट अडवतं. मग पुढच्या हंगामात पानं बारीक येतात आणि दादा झिंक आणायला जातो. झिंक का कमी पडलं, हा प्रश्न झिंकच्या पिशवीवर छापलेला नसतो.

खतांची नावं ऐकली की मला लहानपणचा एसटी स्टँड आठवतो. तिथं पानाच्या टपरीमागं मटक्याचे असेच आकडे कुजबुजले जायचे. एकोणीस एकोणीस एकोणीस. तेरा झिरो पंचेचाळीस. झिरो झिरो पन्नास. फक्त ओपन-क्लोज तेवढं म्हणायचं राहिलं. हे आकडे म्हणजे शंभर किलोत नत्र, स्फुरद आणि पालाश किती, एवढंच. सातवीतलं शेकडेवारीचं गणित. पण गावात ते गणित म्हणून कुणी वाचत नाही, नंबर लागेल या आशेनं वाचतात. "अण्णाला झिरो झिरो पन्नास लागला." म्हणजे अण्णांचा माल फुगला आणि नेमका त्याच आठवड्यात नारायणगावला भावही वाढला. भाव पोटॅशनं वाढला, अशी अण्णांची पक्की समजूत आहे. पुढच्या वर्षी निम्म्या गावानं झिरो झिरो पन्नास सोडला. भाव पडला. तेव्हा मात्र पोटॅशचं नाव कुणी काढलं नाही.

खताच्या दुकानातला दवाखाना हा माझ्या विशेष आवडीचा. दादा एक पिवळं पान खिशात घालून नेतो. शेठ पान हातात घेतो, ट्यूबलाइटसमोर धरतो आणि विचारतो, "एकर किती?"

बस्स. एवढीच तपासणी. डॉक्टर निदान जीभ तरी बाहेर काढायला लावतो. जुनं पान की कोवळं, माती कसली, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं, शेवटचं काय सोडलं होतं, यातलं काही विचारलं जात नाही. एकर मात्र विचारावेच लागतात. त्याशिवाय बाटल्या किती द्यायच्या ते कसं ठरणार?

आणि गंमत अशी की पान स्वतः सगळं सांगत असतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्याच पानाच्या कडा करपल्या तर पालाश कमी. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. तीच हिरव्या शिरांची नक्षी शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसली तर लोह. कोवळं पान शिरांसकट फिकं पडलं तर गंधक. जुनं की कोवळं, या एका प्रश्नावर निम्मं निदान होतं, कारण नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही मंडळी झाडात फिरती आहेत. टंचाई आली की झाड जुन्या पानातून काढून कोवळ्याला देतं. घरात धान्य संपत आलं की म्हातारी आपली भाकरी नातवाच्या ताटात सरकवते, तसं. लोह, बोरॉन, कॅल्शियम यांचं तसं नाही. ती एकदा जिथं नेमली गेली तिथून हलत नाहीत. कॅल्शियम तर बदलीला कायमची स्थगिती मिळवलेला सरकारी कर्मचारी. पानात भरपूर असेल, शेजारच्या फळाला गरज असेल, तरी हा खुर्ची सोडणार नाही.

टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो तो यामुळेच. अशी फळं कॅरेटमध्ये भरली की व्यापारी वरचं फळ न बघता खालून हात घालतो. दुकानात यावर एकच उतारा, "कॅल्शियम सोडा." आमची काळी जमीन कॅल्शियमनं ठासून भरलेली आहे, चुनखडीचे खडे पायाला टोचतात. मग फळाला का मिळत नाही? कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं आणि प्रवाह जातो जिथून पाणी जास्त उडतं तिकडं, म्हणजे पानांकडं. फळाच्या गुळगुळीत सालीतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्याचा वाटा आधीच थोडा. त्यात तीन दिवस लाइट नाही म्हणून तीन दिवस पाणी नाही, आणि चौथ्या दिवशी रात्रभर मोटर चालू. वर युरियाचा मारा करून पानांचं रान माजवलेलं. एवढ्या पानांच्या गर्दीत फळाच्या वाट्याला काय येणार? म्हणजे रोगाचं नाव कॅल्शियमची कमतरता, आणि कारण बऱ्याचदा लोडशेडिंग. महावितरणच्या वेळापत्रकाला बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून कॅल्शियम विकतात.

माझ्या शहाणपणाचाही एक नमुना सांगतो, नाही तर दादा हे वाचून फोन करील. मागच्या साली तो लग्नाला गेला होता आणि ड्रीपमधून खत सोडायचं काम माझ्याकडं होतं. यादीत दोन ओळी होत्या, कॅल्शियम नायट्रेट आणि बारा एकसष्ट. वेगवेगळ्या दिवसांच्या. मी म्हटलं, दोन दिवस कशाला, एकाच ड्रममध्ये कालवू. कालवलं. पाच मिनिटांत ड्रममध्ये दही लागलं. पांढरं, घट्ट, चमच्यानं वाढावं असं. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, हे मी शाळेत शिकलो होतो आणि त्यावर मला मार्कही मिळाले होते. त्या दह्यातलं निम्मं मोटर लावून मी नळ्यांमध्ये ढकललं. फिल्टर गच्च, ड्रीपर चोक. दादानं परत आल्यावर ॲसिड सोडून नळ्या धुतल्या. मला काही बोलला नाही. फक्त वहिनींना म्हणाला, "भाऊजींना चहात साखर वेगळी द्या. कालवून देऊ नका."

लोहाची कथा त्याहून महाग. आमच्या मातीत लोह नाही असं नाही, मुबलक आहे. पण सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. बँकेत पैसे आहेत आणि चेकबुक हरवलंय. उपाय म्हणून चिलेटेड लोह विकलं जातं, त्यात जातिभेद आहे. ईडीटीए स्वस्त आणि ईडीडीएचए महाग. ईडीटीएची लोहावरची पकड सामू साडेसहाच्या पुढं गेला की सुटायला लागते. ईडीडीएचए नऊपर्यंत टिकतं. चुनखडीच्या रानात ड्रीपमधून ईडीटीए सोडणं म्हणजे गळक्या घागरीनं पाणी भरणं. फवारणीला ते चालतं, जमिनीतून नाही. दुकानात मात्र प्रश्न एकच, "फेरस पाहिजे ना? हे घ्या." दोन्हीवर फेरस लिहिलेलं. स्वस्त कोणतं, ते मोठ्या अक्षरात.

कांद्याबद्दल थोडक्यात, कारण कांद्यावर लिहायला लागलं की सरकारं पडतात. कांद्याचा तिखटपणा आणि डोळ्यांतलं पाणी, दोन्ही गंधकाच्या संयुगांमुळं. एकेकाळी कांद्याला सुपर फॉस्फेट वापरलं जायचं तेव्हा त्यातून ११ टक्के गंधक आपोआप मिळायचं. मग गोण्या वाहायला सोपं म्हणून सगळे डीएपीवर गेले. डीएपीत गंधक जवळपास नाही. आता तेच गंधक वेगळ्या पिशवीत, वेगळ्या नावानं, वेगळ्या भावानं येतं. नत्राचं उलटं. लागवडीनंतर दोन महिन्यांनी युरिया देऊ नये, माना जाड होतात आणि चाळीत कांदा सडतो, हे राजगुरुनगरच्या संशोधन केंद्रापासून गावच्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तरीही देतात. पात हिरवीगार दिसली की रस्त्यावरून जाणारा गाडी थांबवून बघतो ना! जुलैत चाळीतून वास येतो तेव्हा कोण गाडी थांबवतं?

युरियाचं हे प्रेम आंधळं नाही, हिशोबी आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. डीएपीची ५० किलोची १३५० ला. २०१० मध्ये केंद्रानं अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आणली, स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव मोकळे केले आणि युरियाला हात लावला नाही. मग शेतकऱ्यानं युरिया जास्त का टाकू नये? त्याला समतोल खतांचं भाषण द्यायला दिल्लीहून माणूस येतो, आणि समतोल बिघडवणारी किंमतही तिथूनच ठरून येते. देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून जास्त युरिया खपतो. बरं, स्वस्त म्हणजे सहज मिळतो असंही नाही. ऐन हंगामात आमच्याकडच्या एका दुकानात दोन गोण्या युरिया मागितला तर बरोबर साडेसहाशेची बाटली घ्यावी लागली. याला 'लिंकिंग' म्हणतात. कायद्यानं बंदी आहे. बंदी असल्यामुळं बिलात दाखवत नाहीत, एवढाच फरक.

ती बाटली टॉनिकची होती. टॉनिक हा शब्द आता जुना झाला, हल्ली 'बायोस्टिम्युलंट'. २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेशाखाली आली. २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलं, अशी सुमारे ३० हजार उत्पादनं वर्षानुवर्षं बिनतपासणी विकली जात होती, आता कडक निकषांनंतर साडेसहाशेच्या घरात उरली. म्हणजे बाकीच्यांनी इतकी वर्षं आपल्या भाजीला नेमकं काय पाजलं, हे वाघालाच ठाऊक.

नॅनो युरिया २०२१ मध्ये आला तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली एका गोणीच्या बरोबरीची म्हणून आला. त्या बाटलीत होतं ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत जवळपास पावणेएकवीस किलो. हजारपट फरक भरून काढायला फवारणी करणाऱ्याचा विश्वास तेवढा दांडगा हवा.

दुसऱ्या बाजूचं भाबडेपणही सांगायला हवं. आमच्या सोसायटीतल्या एक काकू मला दर रविवारी सांगतात, "भावाला म्हणावं, केमिकल टाकू नका. फक्त शेणखत." मी काकूंना गणित घालून बघितलं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. एकरी १२० किलो नत्र नुसत्या शेणखतातून द्यायचं तर २४ टन लागतं. एवढं शेण देणारी जनावरं कुठं आहेत? वैरण कुठं आहे? आणि आमच्या सोसायटीत तर मांजर पाळायलाही सेक्रेटरींची परवानगी लागते. शेणखताचं खरं काम वेगळं आहे. सेंद्रिय कर्ब वाढवणं, पाणी धरणं, दिलेलं खत मुळांपाशी राखणं. ते दुसरं कुणी करू शकत नाही. पूर्वी धनगरांची मेंढरं रानात बसवायचे, रात्रीला धान्य मोजून. आता मेंढरं रस्त्यानं पुढं जातात आणि आम्ही मोबाइलवर त्यांचा फोटो काढतो.

झाडाला जगायला १७ मूलद्रव्यं लागतात. त्यातली तीन हवा-पाण्यातून फुकट मिळतात, आणि झाडाच्या सुक्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्या तीन फुकट्यांचाच असतो. उरलेल्या चौदांपैकी जे सगळ्यात कमी, तेच पिकाचं माप ठरवतं. पंगतीत जिलबीचा ढीग आहे आणि मीठच नाही, तर जिलबी वाढत राहून जेवण सुधारत नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं हा नियम गेली पावणेदोनशे वर्षं प्रसिद्ध आहे. त्याच्या आधी स्प्रेंगेलनं तो मांडला होता. पण नाव ज्याचा आवाज मोठा त्याचं. आमच्या ग्रामसभेत तरी वेगळं काय होतं?

मीठ कमी की जिलबी, हे कळायला माती तपासायची असते. नाशिकचे द्राक्षवाले पानाचा देठसुद्धा तपासतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी एकदा, आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा पुन्हा एकदा. वेलीच्या पोटात काय गेलं ते वेलीलाच विचारतात. त्यांचंही सगळं सोवळं आहे असं नाही, त्यांच्या 'डॉक्टरां'वर एक वेगळं सदर होईल. पण निदान एकर किती, याच्या पुढचा प्रश्न तिथं विचारला जातो. सरकारनं २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आणली. आमच्याकडं ती आली. वहिनींनी जपून ठेवली आहे, सातबाऱ्याच्या पिशवीत, लग्नपत्रिकांच्या खाली.

यंदा मीच हट्ट धरला. वाघाच्या एका बादलीच्या पैशात माती निदान दोनदा तपासून होते, हे दादाला लेखी दाखवलं. नमुना दिला. रिपोर्ट आला. सामू ८.२. सेंद्रिय कर्ब कमी. स्फुरद अत्यंत जास्त. पालाश जास्त. गंधक कमी, लोह कमी, बोरॉन कमी.

दादानं तो कागद दोनदा वाचला. "मग टाकायचं काय?"

"स्फुरद टाकायचं नाही."

"टाकायचं काय, ते विचारतोय."

न टाकण्याचा सल्ला दुकानात मिळत नाही. त्यावर गोणी नाही, स्कीम नाही, पाच गोण्यांवर मिळणारी छत्री नाही. दादा कागद घेऊन शेठकडं गेलाच. शेठनं चष्मा लावून सगळा वाचला, बोट शेवटच्या ओळीवर थांबवलं आणि म्हणाला, "बोरॉन कमी आहे. किती एकर?" बोरॉन पिकाला लागतं चिमूटभर, आणि चिमटीचा पसा झाला तर तेच विष होतं. दादा एकर न सांगता परत आला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातून रिकाम्या हातानं. या हंगामात बेडमध्ये डीएपी गेलं नाही. अण्णा रोज संध्याकाळी बांधावर येऊन रोपांकडं बघतात आणि मान हलवतात.

तुम्ही मातीचा नमुना पाठवणार असाल तर एवढं करा. पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी, रानात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्या. फळबाग असेल तर तीन फुटांपर्यंत थराथरानं. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको. सगळी कालवून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन काढून टाकत अर्धा किलो उरवा. आणि तो अर्धा किलो युरियाच्या रिकाम्या गोणीत घालून नेऊ नका. पहिल्या खेपेला आम्ही तसाच नेला होता.